पायाच्या अंगठ्याने मोजलेले तारे

इंकारने आयुष्यातली पहिली पावले लंगडत टाकली.

नाही, टाकली नाहीत. असे काही झालेलेच नाही. त्या दिवशी अंगणात जमलेल्या सगळ्यांनी जेवायला बसण्याआधीच एकमताने ठरवले की पांढऱ्या कापडाला सुरकुती पडली होती. ज्यांनी फोनवर चित्रण केले होते त्यांनी ते पुसून टाकले. माझ्या चुलत आजोबांना फोनमधले काही पुसता येत नाही, म्हणून त्यांचा फोन संध्याकाळी दुधाच्या पातेल्यात पडला. तो दुरुस्तीला माझ्याच दुकानात आला आणि दुरुस्त होण्यासारखा नाही असे मी त्यांना लेखी दिले. तेव्हा जे झालेच नाही ते कसे कसे झाले नाही, एवढेच मी इथे सांगणार आहे.

इंकार म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. आमच्या कझाक भाषेत या नावाचा अर्थ, जिची आस लागली ती. गल्लीतल्या उझबेक शेजाऱ्यांकडे तोच शब्द नकारासाठी वापरतात. पोरगी दोन्ही अर्थांना जागते.

उलबोसिन आपा म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिच्या नावाचा अर्थ ‘मुलगा होऊ दे’. आजोबांना मुलीमागून मुलीच होत गेल्या तेव्हा त्यांनी हिला नाव दिले नाही, हिच्या रूपाने वर अर्ज पाठवला. अर्ज बऱ्याच वर्षांनी मंजूर झाला आणि माझे वडील जन्मले. आपा मात्र जन्मभर दुसऱ्याची मागणी स्वतःच्या नावात घेऊन फिरली. पण फिरली कशी, ते आमच्या शिमकेंत शहराच्या बाजाराला विचारावे. ती चहाची गाडी ढकलायची. गाडीला ब्रेक नव्हता आणि आपालाही. मटणाच्या रांगेतून “वाट द्या” अशी हाक आली की माणसे आधी बाजूला व्हायची आणि मग कोण आले ते वळून बघायची. एवढ्या वेगातही किटलीतला चहा हिंदकळत नसे. लोक म्हणत, चाल असावी तर उलबोसिनसारखी.

आमच्याकडे चालीला फार महत्त्व. मूल उभे राहायला लागले की त्याच्या दोन्ही घोट्यांना काळ्या-पांढऱ्या धाग्याची दोरी बांधतात आणि ज्याची चाल चांगली त्याच्या हातून ती कापून घेतात. कापणाऱ्याची चाल मुलाला जन्मभर लागते. माझी दोरी एका वाहतूक हवालदाराने कापली होती. मी अजूनही चौकात आलो की कारण नसताना थांबतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे संशयाने बघतो.

आपाने गल्लीतल्या कितीतरी पोरांच्या दोऱ्या कापल्या. तिला स्वतःला मूल नाही. नवरा लवकर गेला, पुढे लग्नाचा विषय कोणी काढला की ती गाडी घेऊन दुसऱ्या रांगेत जायची. त्यामुळे इंकार पोटात असतानाच भावाने तिला सांगून टाकले, “आपा, हिची दोरी तूच कापायची.” आपा दुसऱ्या दिवशी जाऊन नवी कात्री घेऊन आली आणि डोक्याच्या रेशमी रुमालात गुंडाळून पेटीत ठेवली. अधूनमधून ती पेटी उघडून बघायची. कात्री जागच्या जागी आहे की नाही, एवढेच. कात्री दर वेळी जागेवर असायची.

या वर्षी वसंतात आपा लंगडायला लागली.

आधी तिने चपलेला दोष दिला. मग फरशीला. मग नगरपालिकेला. शेवटी म्हणाली, काटा गेलाय. बाजारातल्या रशियन बायका या दुखण्याला ‘काटा’च म्हणतात. नावच असे असल्यावर ज्याला त्याला तो काढावासा वाटतो. आपाने तव्यावर सुई तापवली आणि रोज सकाळी उजव्या तळव्यात काटा शोधायला लागली. काटा सापडला नाही. शेजारच्या बाईने लसूण बांधायला सांगितला. तिच्या सुनेने व्हिनेगर सांगितले. भाजीवाल्याने कुठल्याशा रानटी झुडपाचा पिवळा चीक आणून दिला, त्याने भोवतालची चांगली कातडी तेवढी भाजली. आठवडाभर आपाच्या पायाला कोशिंबिरीचा वास येत होता आणि मांजर तिच्यामागे फिरत होते.

हे सगळे गुपचूप चालले होते, पण रौझाने पकडले. रौझा म्हणजे आमच्या विहीणबाई, अक्मरल वहिनीची आई. शाळेत कवायत शिकवते. गळ्यातली शिट्टी लग्नाकार्यातही काढत नाही. आपण चालतो, रौझा खोली ओलांडताना सगळ्यांची हजेरी घेते. दूधचहा चालला होता, आपा बावरसाकांची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, ताटली घेऊन आली, आणि रौझाने पेला खाली ठेवला.

“आपा, गाडीचं चाक वाकडं झालंय वाटतं?”

“गाडीला काय धाड भरली. ठणठणीत आहे.”

“मग वाकडं काय चालतंय?”

“वय चालतंय, विहीणबाई. तुम्हालाही येईल, घाई करू नका.”

“मी आपली विचारते. पोर उभी राहायला लागलीय. दोरी कापायची वेळ आली. शेवटी पोरीच्या पायांचा प्रश्न आहे.” रौझाने बावरसाक उचलले आणि सगळ्या बाजूंनी तपासले. “गरज लागली तर मी आहेच. घरचीच आहे मी पण.”

आपा हसली. ती इतकी नीट हसली की मला कळले, हिला रडू येते आहे.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. मी मोबाइल दुरुस्त करतो. माझ्याकडे गोल दिवा बसवलेले मोठे भिंग आहे, त्याखाली मुंगीचेही पाय मोजता येतात. आपाने स्टूल ओढले, मोजा काढला आणि उजवा पाय उचलून काउंटरवर ठेवला.

“बघ रे, काटा कुठे दिसतो का.”

“आपा, गिऱ्हाईक आहे.”

“असू दे. त्यालाही दोन डोळे आहेत, तोही बघेल.”

गिऱ्हाईक सज्जन होता. त्याने खरेच वाकून बघितले आणि म्हणाला, “पडदा गेलाय.” मग आपला फोन घेऊन निघून गेला.

मी भिंग जवळ ओढले. चवड्याखाली, जिथे सगळा भार येतो तिथे, कातडीची एक जाड चकती होती. मध्ये काळे ठिपके. सुईने कोरलेल्या जागी आजूबाजूला तशीच दोन छोटी घरे उठली होती. मूळ मालकाने नातेवाईक बोलावून शेजारी वसवावेत तशी.

“हा काटा नाही, आपा. मला ही चामखीळ वाटते.”

आपाने पाय मागे घेतला नाही, पण आवाज मागे घेतला. हळूच म्हणाली, “मला वाटलंच होतं. शटर अर्धं ओढ.”

मी ओढले.

“लहानपणी आम्ही अंगणातल्या चौथऱ्यावर झोपायचो. आई म्हणायची, तारे बोटाने मोजू नका, बोटाला चामखीळ येते.”

“हो. मलाही सांगितलंय.”

“तुला सांगितलं, तू मुकाट ऐकलंस. तू मुळातच आळशी. मी हुशार होते. मी बोटाने मोजलेच नाहीत.” तिने इकडेतिकडे बघितले. “उताणी पडायचे, पाय वर करायचे आणि पायाच्या अंगठ्याने मोजायचे. मला वाटलं, वर कुणाच्या लक्षात येणार नाही.”

मी भिंग बंद केले. अशा वेळी काय बोलावे ते फोनदुरुस्तीत शिकवत नाहीत.

“एवढ्या वर्षांनी आली ही,” आपा म्हणाली. “म्हणजे वरचे विसरलेले नव्हते. आणि आली ती नेमकी कधी, तर दोरी कापायच्या वर्षी. मी पोरीची दोरी कापली तर हे तिच्या पायात जाईल, मेइर्जान. माझी चोरी आणि शिक्षा तिला.”

“उलट मोजून बघायचे का? शेवटच्या ताऱ्यापासून मागे मागे.”

“शेवटचा कुठला ते कुठे आठवतंय. मध्येच झोप लागायची.”

मी तिला त्वचेच्या डॉक्टरकडे नेले. नेले म्हणजे, मी दवाखान्याच्या दिशेने चालत राहिलो आणि ती माझी चाल कशी भिकार आहे हे सांगत मागून येत राहिली. दारावरची पाटी वाचून ती थबकली. डॉक्टरचे नाव होते शोल्पान. शोल्पान म्हणजे शुक्र, संध्याकाळी सगळ्यांत आधी दिसतो तो.

“मी नाही आत येणार,” आपा म्हणाली.

“का?”

“हिला मोजलंय मी.”

तोवर दार उघडले होते. डॉक्टर शोल्पान माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने शेवटचे वाक्य ऐकले, पण चेहरा हलवला नाही. आपाने एका दमात सगळे सांगून टाकले. चौथरा, अंगठा, काटा, सुई, लसूण.

“मग मोजताना मी कितवी होते?” डॉक्टरने विचारले.

“पहिली.”

“बरं. पाय वर घ्या.”

तिने दोन बोटांच्या चिमटीत ती जागा बाजूंनी दाबली. आपा कळवळली. मग वरून सरळ दाबली, आपाला तितके दुखले नाही.

“कुरूप असतं तर सरळ दाबल्यावर जास्त दुखलं असतं. हिला चिमटा आवडत नाही.” तिने पात्याने वरची मेलेली कातडी हलकेच तासली. “हे काळे ठिपके दिसतात? काटा नाही तो. गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या आहेत. ही चामखीळच, फक्त तळव्यावर असल्यामुळे बाहेर वाढायला जागा नाही. तुम्ही रोज तिच्यावर उभ्या राहता, म्हणून ती आत दबते आणि टोचते.”

“मग तारे?”

“आपा, तारे मोजून चामखीळ येत असती तर दुर्बिणीवाल्यांना घरी चालत जाता आलं नसतं. हा विषाणू आहे. ओल्या, उबदार जमिनीवर पडून राहतो. पायाला बारीक भेग असली की तिथून आत शिरतो. सार्वजनिक हमामात जाता?”

“दर गुरुवारी.”

“पायात काय घालता?”

“पाय घालते.”

डॉक्टरने लिहिता लिहिता पेन थांबवले.

“अनवाणी जाते,” आपाने खुलासा केला. “सपाता घातल्या की चाल जाते. जमीन पायाला कळली पाहिजे.”

“तिथल्या जमिनीलाही तुमचा पाय कळला. इथून पुढे हमामात सपाता. आपला टॉवेल आपला. पाय कोरडे करायचे, बोटांच्या मध्येसुद्धा. आणि सुई बंद. सुईनेच तुम्ही ती शेजारी पेरलीत.”

“म्हणजे हे दुसऱ्या कुणाच्या तरी पायाचं आहे?” आपाला हा भाग जास्त लागला.

“असेल.”

“कोण असेल ती?”

“ते नाही कळणार.”

आपाने थोडा विचार केला. “स्वच्छ बाई असावी. हमामात येत होती म्हणजे.”

डॉक्टरने रक्तातल्या साखरेची चौकशी केली, कारण मधुमेह असला तर पायाला असले औषध घरी लावायचे नसते. आपाची साखर ठीक निघाली. मग उपाय सांगितला. रोज कोमट पाण्यात पाय भिजवायचा. मऊ झालेली पांढरी कातडी वज्रीने हळू घासायची, आणि ती वज्री दुसऱ्या कुणी वापरायची नाही, काम झाले की फेकून द्यायची. मग सॅलिसिलिक आम्लाचे औषध फक्त चामखिळीवर, भोवतालच्या कातडीला व्हॅसलीन, वरून चिकटपट्टी. आग झाली, रक्त आले तर थांबायचे आणि दाखवायला यायचे.

“किती दिवस?”

“आठवडे. कदाचित महिने. नाहीच गेली तर गोठवून काढू. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांची वर्ष-दोन वर्षांत आपली आपणही जाते.”

“आपली आपण जाणार असेल तर एकदा विचारून बघितलं असतं तिला.”

“तुम्ही सुई घेऊन विचारलंत. गेली का?”

आपाने मान खाली घातली. मग तिने ज्यासाठी आली होती तो प्रश्न विचारला. तो विचारताना तिने माझ्याकडे पाठ केली. “घरात तान्हं आहे. रांगतं. माझ्या पायाशीच असतं सारखं. त्याला?”

“लागू शकते, पण लगेच घाबरू नका. पट्टी लावा, वरून मोजे घाला, औषध लावलं की हात धुवा. घमेलं आणि टॉवेल वेगळा. एवढं केलंत की बाळाला खुशाल जवळ घ्या.”

“आणि गेली हे कसं कळेल?”

डॉक्टरने तिच्या टाचेवर बोट ठेवले. “बोटांच्या ठशासारख्या या रेषा दिसतात ना? चामखीळ यांना बाजूला सारून बसते. ज्या दिवशी त्या जागेवरून रेषा पुन्हा सलग जातील, त्या दिवशी गेली.”

घरी आल्यावर आपाने सूचना पाळल्या, पण तिच्या पद्धतीने. डॉक्टरने बाळाला जवळ घ्या म्हटले होते, ते तिने ऐकलेच नव्हते. तिने फक्त ‘लागू शकते’ ऐकले होते. अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली ती घमेल्यात पाय सोडून बसायची आणि चारही बाजूंनी स्टुले आडवी टाकून कुंपण करायची. इंकार रांगत यायची, स्टुलाला धरून उभी राहायची आणि पलीकडे बघत राहायची.

“जा गं, राणी. आईकडे जा. इथे काही नाही.”

इंकारने नावाला जागून नकार दिला. ती स्टुलाला धरून बाजूबाजूने सरकत कुंपणाला प्रदक्षिणा घालायची. आपा तिच्याकडे बघायची नाही. बघितले तर हात पुढे होईल अशी भीती. पाणी गार झाले तरी ती तशीच बसून असायची.

शेवटी अक्मरल वहिनीने डॉक्टरला फोन लावला आणि फोन आपाच्या कानाला टेकवून दिला. पलीकडून काय बोलणे झाले ते आम्हाला ऐकू आले नाही. आपा फक्त “हो”, “मोजे घातलेत”, “हात साबणाने” एवढेच म्हणत होती. मग तिने पाय पुसला, औषध लावले, पट्टी लावली, मोजे चढवले, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि एक स्टूल बाजूला सरकवले. इंकार त्या फटीतून आत आली आणि आपाच्या घागऱ्यात तोंड खुपसून उभी राहिली.

“ओवाळून टाकते गं स्वतःला तुझ्यावरून,” आपा म्हणाली. आमच्याकडे हे दिवसातून दहादा म्हणतात, दुकानदारसुद्धा गिऱ्हाइकाला म्हणतो. आपाने म्हटले ते वेगळे होते.

तेव्हापासून दोघी बरोबर. आपा किटली ठेवायला उठली की इंकार घागरा धरून मागे. आपा कोंबड्यांना दाणे टाकायला गेली की इंकार मागे. आपाचा उजवा पाय चवडा न टेकता कडेने पडायचा, अंग किंचित झुकायचे. आम्ही सगळे त्या पायाकडे बघत होतो, सुधारतो की नाही म्हणून. मागून येणारे दोन पाय कसे पडतात ते कोणी बघितले नाही.

रौझाने तारीख काढली. शाळेला सुटी लागली की पहिल्या रविवारी. तिच्या मते पोरीची दोरी उशिरा कापली तर पोरगी आयुष्यभर उशिरा पोचते. त्या वेळी आपाच्या पायावर अजून पट्टी होती. कुणी काही म्हणायच्या आत आपाच म्हणाली, “दोरी रौझा कापेल.”

“आपा,” माझा भाऊ म्हणाला, “असं काही ठरलेलं नाही.”

“मी ठरवलं. तिची चाल सरळ आहे. आवाजही करते, पोरगी हरवणार नाही.”

रौझाला टोमणा कळला, पण तिने तो सोडून दिला. जिंकलेल्या माणसाला ते परवडते. आपा आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. कात्री रुमालासकट वहिनीच्या हातात देऊन ती म्हणाली, “नवी आहे. एकदाही वापरलेली नाही.”

रविवारच्या काही दिवस आधी आपा पुन्हा दुकानात आली. मोजा काढला, पाय भिंगाखाली ठेवला. मी बराच वेळ बघत राहिलो. काळे ठिपके नव्हते. छोटी घरेही उठून गेली होती. त्या जागेवरून बारीक रेषा एकामागून एक गेल्या होत्या, जणू मध्ये कधी कुणी राहतच नव्हते.

डॉक्टर शोल्पानने चिमटीत दाबून बघितले. “गेली. वज्री टाकून द्या. चालून दाखवा.”

आपा चालली. खिडकीपर्यंत आणि परत. लंगडत.

“दुखतंय?”

“नाही.”

“मग?”

आपाने पायाकडे बघितले.

“चामखीळ गेलीय,” डॉक्टर म्हणाली. “हे लंगडणं आता तुमचं स्वतःचं आहे. पायाला टेकायची भीती बसलीय. त्यावर माझ्याकडे औषध नाही. निघेल हळूहळू.”

“रविवारपर्यंत?”

निघताना डॉक्टरने आपाला दारापर्यंत हात धरून सोडले. इतर पेशंटांना ती सोडते की नाही ते मला माहीत नाही.

रविवारी अंगणात पांढरे कापड अंथरले. माणसे दोन्ही बाजूंना. एका टोकाला अक्मरल वहिनीने इंकारला उभे केले, घोट्यांना काळी-पांढरी दोरी. रौझा नवे बूट घालून, रुमालातली कात्री हातात घेऊन आली. चाल खरोखर उत्तम होती, त्याबद्दल तक्रार नाही. ती वाकली. इंकार खाली बसली.

वहिनीने उभे केले. रौझा वाकली. इंकार बसली.

“पोरीला झोप आली असेल,” कोणीतरी म्हणाले.

“भूक असेल.”

“शिट्टी काढा ना गळ्यातली, घाबरते ती,” चुलत आजोबा म्हणाले. ते तेव्हा फोन उलटा धरून चित्रण करत होते.

रौझाने शिट्टी काढली. ती काढलेली मी पहिल्यांदाच बघितली, गळ्यावर तिच्या दोरीची पांढरी रेघ होती. ती पुन्हा वाकली आणि अगदी हळू, कवायतीच्या नव्हे तर आजीच्या आवाजात म्हणाली, “ऊठ गं बाळा, एवढ्या लोकांत नको लाज काढूस माझी.” इंकार बसूनच राहिली. ती रौझाकडे बघतच नव्हती. कापडाच्या पलीकडे, चुलीपाशी, बायकांच्या मागे मुद्दाम लपून उभ्या असलेल्या आपाकडे बघत होती.

आपा नाइलाजाने पुढे झाली. लंगडत. तिने दोन पावले टाकली आणि इंकार आपली आपण उभी राहिली.

रौझा काही क्षण तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली आणि कात्रीची मूठ आपाकडे केली. “घ्या. पोरगी ऐकत नाही माझं. तुमच्याच वळणावर गेलीय.”

“माझी चाल, विहीणबाई…”

“घ्या म्हटलं ना. हात दुखतोय माझा.”

आपाने दोरी कापली. बायकांनी खडीसाखर आणि चॉकलेटे उधळली. वहिनीने हात सोडले आणि इंकार चालायला लागली, कुणाला न धरता. डावा पाय सपाट. उजवा कडेने, चवडा न टेकता, अंग किंचित झुकवून. पुन्हा डावा सपाट. पुन्हा उजवा कडेने. हुबेहूब. किटली हातात दिली असती तर चुलीपर्यंत गेली असती.

अंगणात चॉकलेटाचे कागदही वाजेनात. इंकार मात्र खुशीत होती. आपाकडे बघून हसत होती, बरोबर जमले ना, अशा तोंडाने.

आपाचा चेहरा मी बघितला. त्यावर आधी भीती आली. तिला वाटले, झाले, लागले पोरीला. मग ती भीती तशीच थांबली, कारण पोरीच्या पायात काही नव्हते. या पायात फक्त आपाची चाल होती. जर्दाळूच्या झाडाखालच्या सगळ्या दुपारी या पोरीने दुसरे काही बघितलेच नव्हते.

आपाने मोजे काढले. कात्री कमरेला खोचली आणि इंकारच्या पुढे जाऊन कापडावर पाठमोरी उभी राहिली. मग तिने उजवा पाय उचलला आणि खाली ठेवला. पूर्ण ठेवला. टाच, चवडा, अंगठा. पाय टेकल्यावर थोडी थांबली, दुखते का ते बघायला. दुखले नसावे. मग डावा. मग उजवा, पूर्ण. मागे न बघता म्हणाली, “वाट द्या.” वाटेत कोणी नव्हते, तरी लोक बाजूला झाले.

मागून इंकार. तिने आपाच्या टाचांकडे एकदा निरखून बघितले, नियम बदलल्याची नोंद घेतली, आणि उजवा पाय सपाट टेकवला. टोकापर्यंत दोघी गेल्या. तिथे आपाने वळून तिला उचलले आणि तिच्या तळव्याला, बरोबर चवड्याखाली, ओठ लावले.

सगळ्यांत आधी रौझा बोलली. शिट्टी गळ्यात घालत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने जाहीर केले, “कापडाला सुरकुती होती. मी इथूनच बघितली.” मग एकेकाकडे बघत गेली. “कोणाला काही वेगळं दिसलं?”

कोणाला काही वेगळे दिसले नव्हते.

आता इंकार पळते. आपा गुरुवारी रबरी सपाता घालून हमामात जाते आणि अनवाणी आलेल्या बायकांना दारातच अडवून विषाणू समजावून सांगते, त्यामुळे तिथली गर्दी कमी झाली आहे. बाजारात चहाची गाडी पुन्हा जुन्या वेगाने फिरते.

परवा संध्याकाळी दोघी चौथऱ्यावर उताण्या पडल्या होत्या. शुक्र दिसायला लागला. इंकारने काही वेळ त्याच्याकडे बघितले, मग उजवा पाय वर केला, अंगठा ताणला आणि स्पष्ट म्हणाली, “एक.”

हे तिला कोणी शिकवले ते आपाने सांगितले नाही. तिने फक्त उशाखालून लहानसा मोजा काढला आणि त्या पायावर चढवला. “मोजायचंय ना? मग मोजा घालून मोज.” आणि तिच्या पायाशेजारी स्वतःचाही पाय वर केला.

सबब, वरील हकिकत लक्षात घेऊन, माननीय नगरप्रमुख, शिमकेंत शहर, यांच्या सेवेशी नम्र विनंती की, आमच्या गल्लीच्या हद्दीत उगवणाऱ्या ताऱ्यांची संख्या दहाच्या आत ठेवण्याबाबत संबंधित खात्यास आदेश व्हावेत. कारण अर्जदाराच्या पुतणीस त्यापुढील आकडे अद्याप येत नाहीत, आणि ती शिकेपर्यंत पाय वर धरून ठेवणे अर्जदाराच्या आत्यास या वयात अवघड जाते. सोबत नमुन्यादाखल एक मोजा जोडला आहे. निर्णय झाल्यावर तो परत मिळावा, दुसरा एकटाच पडला आहे.